तिसऱ्या ओळीतला चंद्र

सोमवार, ३ फेब्रुवारी

टक्, टकटक्. टक्, टकटक्. लाकडी पट्टीचा टेबलावरचा हा आवाज माझ्या कानात चौसष्ट वर्षं मुक्कामाला आहे. आक्का तेव्हा एकोणीस वर्षांची, शाळेत नुकती शिक्षिका म्हणून लागलेली, आणि मी तिचा सात वर्षांचा धाकटा भाऊ, तिच्याच वर्गात. घरी ती आक्का, वर्गात बाई. एकदा वर्गात तोंडातून आक्का निघालं, तर तीच पट्टी टेबलावरून उठून माझ्या तळहातावर आली. पट्टीनं ती मात्रा मोजायची आणि आम्ही चाळीस पोरं तिच्यामागं कविता म्हणायचो. पुढं एकतीस वर्षं पाणबुडीत अणुभट्टीवर काढली. तिथले पंप घुमायला लागले की सोबती म्हणायचे, यंत्र चालू झालं. मला वाटायचं, वर्ग सुरू झाला.

आज हे सगळं वर आलं, कारण एकाहत्तराव्या वर्षी मी पुन्हा नोकरीला लागलो. नौदलाच्या शाळेत, नव्या पोरांना भट्टी चालवायला शिकवायची. दोन शिक्षक एकदम सोडून गेले म्हणून जुन्या खोडांची यादी काढली, आणि त्यात जिवंत आणि चालता-फिरता असा मी निघालो.

इमारत चार मजली, खिडक्या उंच आणि दुधी काचेच्या. दारातल्या पहारेकऱ्यापाशी खिसे उलटे करायचे. आत ज्या वहीत लिहायचं तिच्या प्रत्येक पानावर आकडा आणि शिक्का. संध्याकाळी ती वही कपाटात कुलूपबंद. बाहेर जाताना फक्त डोकं न्यायचं. म्हणून आधीच लिहून ठेवतो: भट्टीचं एक अक्षरही या दैनंदिनीत येणार नाही. वाचणाऱ्यानं उगाच पानं चाळू नयेत.

तिसऱ्या मजल्यावर नकली खोली आहे. पाणबुडीतल्या नियंत्रण खोलीची हुबेहूब जुळी बहीण, तेच काटे, त्याच मुठी, तेच दिवे. फक्त मागं भट्टीऐवजी संगणक. काचेपलीकडं परीक्षक बसतात आणि हळूच काहीतरी बिघडवतात.

रीत मात्र आमच्या काळचीच आहे, तिचा पोशाखही बदललेला नाही. हुकूम आला की तो शब्दाला शब्द परत म्हणायचा. देणाऱ्यानं ‘बरोबर’ म्हणायचं. मगच हात हलवायचा. आणि बोलण्यात चुकलं तर म्हणायचं, ‘चूक.’ मग म्हणायचं, ‘दुरुस्ती,’ आणि बरोबर काय ते सांगायचं. का चुकलं, कसं चुकलं, काल पोट बिघडलं होतं, यातलं काही नाही.

घरी जेवताना आक्का म्हणाली, मीठ आण. मी सवयीनं म्हणालो, “मीठ आण. मीठ आणतो.” ती म्हणाली, मग आण की.

बुधवार, ५ फेब्रुवारी

वर्गात सहा जण. पाच कोवळे, गणितात तरबेज. सहावा बत्तीस वर्षांचा, दांडगा, हातावर भाजल्याचे डाग. पाणबुडीच्या भटारखान्यात दहा वर्षं स्वयंपाक करून आलेला, म्हणून सगळे त्याला आचारीच म्हणतात. शाळेतही तो रिकाम्या वेळात भटारखान्यात उभा असतो. सवय सुटत नाही म्हणतो.

मी विचारलं, बाबा रे, हे कुठून डोक्यात आलं? म्हणाला, “मास्तर, दहा वर्षं त्या भट्टीच्या विजेवर माझी भांडी उकळली. ती भट्टी मी पाहिली नाही. हे बरं दिसत नाही.”

एवढं चांगलं कारण मी एकतीस वर्षांत ऐकलेलं नाही. मी स्वतः लागलो तो भत्ता बरा म्हणून.

पण आचारी तोंडी परीक्षेत दोनदा नापास झालाय. हातानं सगळं येतं. टेबलापलीकडं तीन अधिकारी बसले की मात्र शब्द पळून जातात, एकामागून एक, तवा तापल्यावर माश्या उडाव्यात तसे. तिसऱ्यांदा नापास झाला की कायमचा भटारखाना. पुन्हा अर्ज नाही. परीक्षा सत्तावीस तारखेला.

मुख्य परीक्षक एक कॅप्टनबाई आहेत. पोरं त्यांना टाचणी म्हणतात. आवाज कधी चढत नाही, पण बोलल्या की टोचतं. मला म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही फार सांगता. थोडं विचारा.” दिवसभर ते वाक्य बोचत राहिलं. आक्काला सांगितलं. तिनं विचारलं, वय काय बाईंचं? म्हटलं पंचावन्न असेल. घरी कोण कोण? म्हटलं मला काय ठाऊक, एकट्याच राहतात वाटतं. आक्का ‘असं’ म्हणाली आणि तिनं वाटाणे सोलायला घेतले.

रविवार, ९ फेब्रुवारी

युक्ती सुचली. आचाऱ्याला पुस्तकातलं पाठ होत नाही, पण तो काम करताना सारखा गुणगुणतो. म्हणजे कान शाबूत आहेत. मग कृतीचे हे टप्पे, जे आणीबाणीत श्वास घेण्याआधी आठवले पाहिजेत, ते कवितेत का नाही बांधायचे? मला तीस वर्षांपूर्वीचे वरिष्ठ आठवत नाहीत, पण तिसरीतली प्रत्येक कविता आठवते.

पहिल्यांदा चार ओळींत मावेल अशीच कृती घेतली. सोळा मात्रांची ओळ, आठावर थांबा. आक्काच्या पट्टीची आवडती चाल. तिसरी ओळ काही केल्या बसेना. आता मात्रांचा दवाखाना घरातच आहे, पण आक्काला खरे शब्द सांगायची सोय नाही. म्हणून खऱ्या शब्दांच्या जागी तेवढ्याच वजनाचे दुसरे घातले. एका गुप्त वस्तूचा केला रस्ता, दुसरीचा चंद्र, तिसरीचे नयन. सुरक्षा अधिकारी असता तर पाठ थोपटली असती.

आक्का चष्मा पुसून बसली. मी वाचलं:

आधी पाहा रस्ता सारा
मग मोठ्याने नाम पुकारा
चंद्र थांबव, नंतर नयन मिटव
आणि वरिष्ठां खबर पाठवी

तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, पहिल्या दोन ओळींत अहो-जाहो आणि तिसरीत एकदम एकेरी. मजल बरीच पुढं गेली तुझी. मी म्हटलं, वृत्ताची अडचण. ती म्हणाली, अडचण कसली, चांगलं आहे. मग बोटांनी टेबलावर ठोके देऊन तिनं निदान केलं: तिसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त, यमक बेपत्ता. डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाली:

“नयन मिटव मग, चंद्र थांबवी. घे. आठ अन् आठ. खाली पाठवीशी जुळतंय.”

त्र्याऐंशीव्या वर्षी ही बाई यमक असं काढते, जसं कुणी खिशातून रुमाल काढावा. तिच्या पाया पडायचंच काय ते बाकी होतं. ओळ कशी वाहते बघा: नयन मिटव मग, चंद्र थांबवी. मी दिवसभर घरात म्हणत फिरलो.

झोपायला जाताना आक्का म्हणाली, “शेवटची ओळ विसरू नकोस. वरिष्ठ म्हणजे या घरात मीच आहे.” मला काही उलगडा झाला नाही. वय झालं, दुसरं काय.

सोमवार, १० फेब्रुवारी

आचाऱ्याला कविता दिली, खऱ्या शब्दांत, बंद दाराआड. त्यानं दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा म्हणून दाखवली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. कांदा चिरत नव्हता, मी नीट पाहिलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दुपारी इमारतीतल्या भटारखान्यात डोकावलो. आचारी मोठ्या पातेल्यात सूप ढवळतोय आणि पळीच्या प्रत्येक फेऱ्याला आठ मात्रा. बाकीचे पाचजण ताटल्या घेऊन रांगेत, आणि सगळ्यांच्या तोंडात माझी कविता. चौघं तर डोळे मिटून म्हणत होते. एकानं पावाचा तुकडा तिसऱ्या ओळीच्या ‘मग’वर असा काही तोडला की मला आक्काचा वर्ग आठवला.

टाचणीबाई कोपऱ्यात चहा घेत होत्या. म्हणाल्या, “कसला गलका आहे?” मी म्हटलं, उजळणी. त्या म्हणाल्या, “उजळणी सहसा इतकी आनंदी नसते.” बाईंच्या मनात कवितेला जागा नाही. वाईट वाटलं. घरी येऊन आक्काला हे सांगितलं, तर ती म्हणाली, तू रोज तिचंच काही ना काही सांगतोस. सांगू नको तर काय करू? शाळेत दुसरं बोलण्यासारखं आहेच कोण!

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज नकली खोलीत सराव झाला आणि आकाश कोसळलं.

तोच प्रसंग दिला होता, ज्याची कविता. पहिला पोरगा छान सुरू झाला, पाहिलं, पुकारलं, आणि मग लाल दिवा, घंटा. चुकला. दुसरी आली, तीही तिथंच, त्याच मुठीवर, त्याच घटकेला. तिसरा तसाच. चौथा आचारी. तोही.

काय चुकलं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, की एक फिरणारी गोष्ट असते आणि एक मिटणारी. फिरणारी आधी थांबवायची, मग मिटणारी मिटवायची. उलट केलं तर फिरणारी बिचारी बंद दारावर डोकं आपटत राहते. नकली खोलीत घंटा वाजते. खऱ्या पाणबुडीत काय होतं ते मी एकदाच ऐकलंय आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही.

टाचणीबाईंनी सराव थांबवला. म्हणाल्या, चौघं एकाच जागी एकाच ठेक्यात चुकतात, तेव्हा ती चूक चौघांची नसते. कुणीतरी चुकीचा कागद फिरवतंय. शिक्क्याविना, चोरून.

मला फार संताप आला. या शाळेत कागद चोरणं म्हणजे काय! आणि क्रम उलटा करणारा तो दिवटा कोण, जो स्वतःला शिकवणारा समजतो? मी बाईंना सांगितलं, शोध लावायला मी स्वतः मदत करतो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सहाही कपाटं उघडली. मी एकेक वही पान न् पान पाहिली. पादत्राणांत पाहिलं, टोपीच्या अस्तरात पाहिलं. आचाऱ्याच्या कपाटात मिरपूड निघाली, बाकी काही नाही. सुरक्षा अधिकारी माझ्यावर खूश झाला. म्हणाला, तुमच्यासारखी जुनी माणसं हवीत.

मग एकेकाला बोलावलं. पाचहीजण म्हणाले, आचाऱ्याकडून शिकलो. आचारी म्हणाला, “मी शिकवलं. माझ्या डोक्यातनं.” तुझ्या डोक्यात कुठून आलं, तर म्हणाला, डोक्यात काय काय असतं, सांगता येत नाही. मी त्याला आडोशाला घेऊन समजावलं, बाबा रे, ज्यानं तुला हे दिलं त्याचं नाव सांग, त्याला मी सोडणार नाही. तो माझ्याकडं अशा नजरेनं बघत राहिला, की मला वाटलं याला ताप आलाय. मग म्हणाला, “जाऊ द्या मास्तर. सूप घेणार का?”

बाईंनी त्याची परीक्षा तहकूब केली. सोमवारपर्यंत खरं सांगितलं नाही तर रद्दच. हळहळ वाटते. एवढा चांगला माणूस कुणाला पाठीशी घालतोय?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सकाळी लवकर गेलो. नकली खोलीत कुणी नव्हतं. रोजच्यासारखा मुठींवरून फडकं फिरवता फिरवता प्रसंग मनात चालवला, तोंडानं कविता, हातानं कृती. तिसऱ्या ओळीला तोंड म्हणालं नयन, आणि हात गेला चंद्राकडं.

पुन्हा केलं. तोंड नयन, हात चंद्र.

एकतीस वर्षांचे हात. ते बरोबर करत होते म्हणून तोंडाकडं माझं लक्षच गेलं नाही. पोरांचे हात नवे, ते बिचारे तोंडाचं ऐकत होते.

फडकं घडी करून ठेवलं. आचारी कुणाला पाठीशी घालतोय ते कळलं. त्याचं कपाट मी धुंडाळलं. त्याच्या टोपीचं अस्तर मी उसवलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

शुक्रवारी बोललो नाही. शनिवारी बाई बाहेरगावी होत्या, हे चांगलं कारण मिळालं. आज सुटी, हे त्याहून चांगलं.

खरं लिहायचं तर भीती वाटते. काढून टाकतील हे काही मोठं नाही, तसाही मी उसना आणलेला. पण तीन आठवडे झाले, सकाळी उठून दाढी करायला कारण असतं. जिन्यात पोरं ‘मास्तर’ म्हणून उभी राहतात. शाळा सुटली की पुन्हा तो दिवस, सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत लांबच लांब, मधे एकही घंटा नाही. बायको गेल्यानंतरची अकरा वर्षं असेच दिवस होते. आणि मनात एक बारीकसा आवाज असाही आला, की आचाऱ्यानं नाव सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. हा आवाज मी इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कधी मी स्वतःला थोर समजायला लागलो तर हे पान उघडता येईल.

आक्कानं दुपारी विचारलं, कवितेचं काय झालं, पोचली का? मी म्हटलं, पोचली, पण ओळ उलटी झाली होती, सगळा घोटाळा झाला, आणि तो आता निस्तरायचा म्हणजे समोर जाऊन सांगावं लागेल. ती म्हणाली, “मग जा ना. या वयात लाजतोस कुणाला? सरळ उभा राहा आणि सांगून टाक. फार तर नाही म्हणतील.”

तिला काय कळलंय आणि काय नाही, देव जाणे, पण सल्ला बरोबर आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पहिल्या घंटेला बाईंच्या खोलीत गेलो. सुरक्षा अधिकारी होता तिथं. मी टोपी काढली. आदल्या संध्याकाळपासून एक लांबलचक निवेदन जुळवलं होतं, त्यात वृत्त होतं, वय होतं, अकरा वर्षं होती. तोंड उघडलं आणि निघालं एवढंच:

“चूक.”

बाईंनी लेखणी खाली ठेवली.

“दुरुस्ती. कागद नव्हता. कविता होती. माझी.”

मग सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, इमारतीबाहेर कुणी ऐकली? म्हटलं, थोरल्या बहिणीनं, पण बदललेल्या शब्दांत. सुरक्षा अधिकारी म्हणाला, ते शब्द नोंदवावे लागतील. आणि रीतच अशी, की नोंद करताना शब्दाला शब्द परत म्हणायचं. मी म्हटलं, नयन मिटव मग, चंद्र थांबवी. तो दगडासारखा चेहरा ठेवून म्हणाला, “नयन मिटव मग, चंद्र थांबवी.” मला म्हणावं लागलं, “बरोबर.” चारही ओळी अशा झाल्या. बाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि आमच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. इतका राग मी कुणाला आलेला पाहिलेला नाही.

वळल्या तेव्हा डोळे ओले होते. चौथी ओळ पुन्हा म्हणा, म्हणाल्या.

मी म्हणालो, “आणि वरिष्ठां खबर पाठवी.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“शुक्रवारी सकाळी.”

“आज?”

“सोमवार.”

त्यांनी लेखणी उचलून दोन्ही वार लिहून घेतले. टाचणी का म्हणतात ते नीट समजलं.

निकाल असा. आचाऱ्याची परीक्षा ठरल्या दिवशी, गुरुवारी. माझं काय करायचं ते चौकशीचा कागद वरून खाली आल्यावर. तोपर्यंत घरी कविता बंद, गुणगुणणंसुद्धा नाही. आणि आचाऱ्याला ओळ दुरुस्त करून द्यायला दहा मिनिटं, बाईंच्या समोर.

बुधवार, २६ फेब्रुवारी

पाठ करणं सोपं. पाठ झालेलं पुसणं कसं, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. आक्काला विचारायला बंदी, म्हणून तिसरी ओळ माझी मीच ठोकूनठाकून केली: चंद्र थांबवी, नयन मग मिटव. (इथंही बदललेलेच शब्द, घाबरू नये.) आठ अन् आठ, क्रम बरोबर. पण चौथीशी यमक तुटलं. पाठवीचं पाठव करावं, तर तिथं एक मात्रा कमी पडते आणि ओळ पायरी चुकल्यासारखी अडखळते. दहा मिनिटं संपली. आचारी म्हणाला, राहू दे मास्तर, लंगडी असली तरी पोचवेल. मी त्याच्याशी त्याच्या कपाटाबद्दल, टोपीबद्दल काही बोलायला लागलो, तर म्हणाला, “मिरपूड तेवढी परत द्या.”

बाई कोपऱ्यात बसून होत्या. त्यांची दोन बोटं गुडघ्यावर हलत होती. अधीर झाल्या असाव्यात.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आत जायची परवानगी नव्हती. मी बाहेरच्या बाकावर तासभर. दाराला कान लावला नाही. लावला तरी उपयोग नव्हता, दार जाड आहे.

आचारी बाहेर आला तो घामानं भिजलेला. कसं झालं विचारलं, तर म्हणाला, सगळं ठीक, पण त्यांनी नेमका तोच प्रसंग विचारला. “तोंडात जुनीच ओळ आली मास्तर. अर्धी निघून गेली. मग थांबलो. चूक म्हटलं. दुरुस्ती म्हटलं. मग नवी म्हटली.”

आणि बाई?

“बाईंनी काहीतरी लिहिलं.”

झालं. अंतिम तोंडी परीक्षेत अर्धी चुकीची ओळ. ती ओळ माझी. निकाल सोमवारी सकाळच्या हजेरीत वाचतात, त्याआधी कुणालाही सांगत नाहीत, परीक्षार्थीलाही नाही. आचारी तिथून थेट भटारखान्यात गेला आणि बटाटे सोलायला बसला, जणू उद्यापासूनची तयारी.

रविवार, २ मार्च

दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. शुक्रवारी चौकशीचा कागद वर गेला म्हणतात. मी दाढी केली, शाळेत गेलो, आलो. पोरं अजून मास्तर म्हणतात. उद्या आचाऱ्याचं नाव यादीत नसलं तर कुठल्या तोंडानं ‘ओ’ द्यायची, ते ठरलेलं नाही.

आक्का आज सकाळपासून विचित्र वागतेय. पडदे बदलले. ठेवणीतले कप बाहेर काढले. म्हणाली, इतक्या दिवसांत काही ना काही उत्तर यायला हवं. कसलं उत्तर, असं विचारलं तर म्हणाली, तू लिही तुझं.

इतकं लिहिलं आणि दारावर ठोठावलं कुणीतरी. टक्, टकटक्. टक्, टकटक्. मला वाटलं आक्काच्याच हातात पट्टी आहे, पण ती तर बाहेरच्या खोलीत कप पुसताना दिसत होती.

दार उघडलं. दारात एक बाई, साध्या करड्या कपड्यांत, हातात काही नाही. टोपी नसल्यामुळं ओळखायला क्षणभर वेळ लागला.

टाचणीबाई.

मी नमस्कार विसरलो. त्या म्हणाल्या, “मास्तर, मला तुमच्याशी काम नाही. तुमच्या बहिणीशी आहे.” मग माझ्या खांद्यावरून आत आक्काकडं बघत, एखादा हुकूम द्यावा तशा सरळ स्वरात म्हणाल्या, की गुरुवारपासून एक ओळ त्यांच्या डोक्यातून निघत नाही, जेवताना नाही, फिरताना नाही, आणि ती लंगडते याचा त्यांना फार त्रास होतो. ओळीत गुप्त असं काही नाही, हे त्यांनी तपासून घेतलंय. ‘खबर’ काढून तिथं ‘निरोप’ घातलं तर? आणि वरिष्ठां निरोप पाठव. बसतं का?

आक्कानं तिथंच, कपाच्या कडेवर, बोटानं ठोके दिले. आठ. पुन्हा आठ. मिटव, पाठव. “बसतंय,” ती म्हणाली. “या, आत या. मी वाटच बघत होते.”

बाई उंबऱ्यातून आत येता येता मला म्हणाल्या, सहज आठवल्यासारखं, की हो मास्तर, उद्यापासून भटारखान्यात एक माणूस कमी पडणार आहे. चांगला आचारी ओळखीत असेल तर सुचवा. आणि पुढच्या तुकडीसाठी अजून अकरा प्रसंग आहेत, त्यांच्या ओळी लागतील, पण क्रम आधी मला दाखवायचा. मी म्हटलं, आचारी बघतो, आहे एक दोन जण माहितीतले. आणि खुर्ची आणायला आतल्या खोलीत आलो.

खुर्ची याच टेबलाची. वही उघडीच होती. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि मग कुठं कळलं, भटारखान्यात माणूस का कमी पडणार ते. उभ्यानंच लिहितोय. 

बाहेर आक्का विचारतेय, बाई, साखर किती, आणि घरी कोण कोण असतं.

“अरे, वरिष्ठ अजून उभ्याच आहेत. खुर्ची आण.”

“खुर्ची आण. खुर्ची आणतो.”

बाहेरून दोघींचे आवाज एकदम आले, “बरोबर.”